एका दमातलं गाऱ्हाणं

आबांना गावी पाठवायचं ठरलं तेव्हा आबा पाय भिंतीला टेकवून उलटे होते, त्यामुळे त्यांचं मत कुणी विचारलं नाही. हडकरांच्या घरात उलट्या माणसाचं मत घ्यायची पद्धत नव्हती.

सत्त्याऐंशी सालातला एप्रिलचा रविवार, सकाळचे साडेनऊ. चारकोपच्या सेक्टर तीनमधलं ते घर म्हणजे एक बाहेरची खोली, एक आतली खोली, वर माळा आणि सहा माणसं. सतरा मेला धाकट्या बाळचं लग्न होतं. म्हणजे सातवं माणूस येणार, आणि सातवं आलं की आधीच्या सहांतलं एक कमी व्हायला हवं, हे गणित थोरल्या चंद्रप्रकाशने सगळ्यांना तीनदा सोडवून दाखवलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आबाच आलं होतं.

आबांना खालून फक्त पावलं दिसत होती. चंदूची पावलं ठाम होती. सुनेची, प्रेमाची, एकावर एक होती, म्हणजे तिचा निर्णय कालच झालेला होता. बाळच्या पायांची बोटं सारखी आतबाहेर होत होती. बाळ मुळात वाईट नव्हता, फक्त त्याचं लग्न होतं.

“पाचची एस.टी. आहे बोरिवलीहून,” चंदू म्हणाला. “सीट नंबर तेवीस.”

“खिडकी ना?” बाळने विचारलं.

“खिडकीच.”

“मग झकास,” बाळ म्हणाला, आणि त्याची बोटं शांत झाली.

तिकीट गुरुवारीच काढून ठेवलेलं होतं. ठरवायचं तेवढं रविवारवर राहिलं होतं.

आबांना लगेच खाली येता येत नव्हतं. योगवर्गाच्या मृणालिनीबाईंनी बजावलं होतं की आधी गुडघे, मग कंबर, मग एकेक मणका, घाई केली तर घेरी येते. चाळीस वर्षं मिलच्या विणकाम खात्यात काढलेल्या माणसाला सुरू केलेलं काम अर्धवट टाकता येत नाही. शेवटचा मणका फरशीला लागेपर्यंत त्यांच्याबरोबर किती लुंग्या द्यायच्या इथपर्यंत चर्चा पोचली होती.

“माझा काय चुकला?” आबा उठून बसत म्हणाले.

“चुकलं काहीच नाही, आबा,” चंदू म्हणाला. “तुमचं क्षेत्रफळ वाढलंय.”

चंदू मालाडला एका आर्किटेक्टकडे ट्रेसर होता. अवघड प्रसंगी माणसं रडतात, ओरडतात. चंदू स्केल काढायचा. त्याने ट्रेसिंग पेपरची गुंडाळी जमिनीवर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार कपबश्या ठेवल्या. कागदावर आबा होते. वरून, समोरून आणि डाव्या बाजूने.

“हे बघा. गेल्या वर्षी मार्चमध्ये तुम्ही स्टुलावर बसायचात. स्टूल, तुम्ही आणि खोकल्याची बाटली धरून दीड बाय अडीच फूट. आत्ता शवासनात हात अंगापासून लांब ठेवता, पाय फाकवता. सहा बाय चार. सर्वांगासनात उंची वाढते, ती एलेव्हेशनमध्ये दाखवलीय. भुजंगासन डॉटेड आहे.”

“आबांचं नाक असं नाहीये,” बाळ कागदावर वाकून म्हणाला.

“नाक टेंटेटिव्ह आहे.”

आणि खरंच, खोलीच्या मधोमध फरशीवर खडूचा पांढरा आयत होता, सहा बाय चार. चंदूने तो पहाटे आबा शवासनात असताना त्यांच्याभोवती आखून घेतला होता. आबांना खडूचा आवाज आला होता, पण शवासनात विचार येऊ द्यायचे असतात आणि जाऊ द्यायचे असतात, म्हणून त्यांनी तोही जाऊ दिला होता.

“आणि गावचं घर ओस पडलंय,” प्रेमा म्हणाली. “कौलं परतायची आहेत, तुमचे ते धाकूकाका कुंपण दरवर्षी हातभर आत सरकवतायत. तुम्ही तिथे असलात तर घराला घरपण येईल ना, आबा. आई आमच्याकडे राहतील. जयंतीचं बघायला कुणीतरी हवंच.”

आबांना हिशेब आत्ता कळला. पाठवायचे होते ते फक्त आबा. वनमाला नाही.

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. वनमाला पाठमोरी बसून त्यांची बॅग भरत होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

आबा सेहेचाळीस साली लग्न करून आठव्या दिवशी मिलवर परतले होते. तेव्हापासून ते लालबागच्या एका गाळ्यात चौदा गाववाल्यांबरोबर आणि वनमाला गावी, असा त्यांचा संसार चालला होता. गणपतीला दहा दिवस, शिमग्याला पाच, मे महिन्यात सुटी मिळाली तर आणखी पाच. मिल बंद पडली तेव्हा लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि नवराबायकोची एकत्र राहिल्याची वर्षं होती दोन. चारकोपचं घर चंदूला लॉटरीत लागलं, नातीला, जयंतीला, सांभाळायला म्हणून वनमाला मुंबईला आली, आणि आबांना पहिल्यांदाच कळलं की ती झोपेत बोलते. ते ऐकायला त्यांना फार आवडायचं. ती आत जयंतीजवळ झोपायची आणि ते बाहेर, पण भिंत पातळ होती.

“बरं, आबांच्या तब्येतीचंही बघायला हवं,” बाळ म्हणाला. त्याची बोटं पुन्हा हलायला लागली होती. “एकटे राहतील का ते?”

“त्याचाच अभ्यास केलाय,” चंदू म्हणाला आणि त्याने खिशातून योगवर्गाचं पत्रक काढलं. पिवळ्या कागदावर वरती ठळक छापलं होतं, ‘उतारवयात योग : बारा फायदे’. “फायदा पहिला. सांधे मोकळे होतात. आबा, गुडघे?”

“बरे आसत,” आबा म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

“म्हणजे गावची घाटी चढता येईल. दुसरा. तोल सुधारतो, पडण्याचा धोका घटतो. म्हणजे विहिरीवर एकटे जाऊ शकतात. तिसरा, गाढ झोप लागते. एकट्याला भीती वाटायचा प्रश्न मिटला. चौथा, श्वासाची ताकद वाढते.”

“चूल फुंकायला बरं,” प्रेमा म्हणाली.

“पाचवा, पोट साफ राहतं.”

“गावी जागा मोप आहे,” बाळ म्हणाला.

“सहावा, मन शांत राहतं आणि माणूस परिस्थितीचा स्वीकार करतो.” चंदूने पत्रकावरून नजर उचलून वडिलांकडे पाहिलं. “हा आज संध्याकाळी लागेल.”

आबांच्या लक्षात आलं की आपण वर्षभर रोज सकाळी स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार करत होतो. ते आजारी राहिले असते तर त्यांना गावी एकटं सोडायची कुणाची छाती झाली नसती. शेजारपाजारचे काय म्हणतील, या एका कारणावर ते दहा वर्षं मुंबईत राहिले असते. योगाने त्यांची वाट लावली होती.

अजून वेळ गेलेली नव्हती. आबांनी आजारी पडायचं ठरवलं.

सुरुवात खोकल्याने करावी असं त्यांना वाटलं, कारण तो ओळखीचा होता. मिलमधला कापसाचा धुरळा चाळीस वर्षं त्यांच्या छातीत जाऊन वस्तीला राहिला होता. आठ वर्षं तर असा खोकला होता की शेजारचे लोक त्यावरून घड्याळ लावायचे. मग वनमालाने समाजमंदिराच्या दारावरची योगवर्गाची पाटी जयंतीकडून वाचून घेतली आणि नवऱ्याला हाताला धरून तिथे नेऊन बसवलं. डाव्या नाकपुडीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा, असं मृणालिनीबाईंनी सांगितलं. बाकीची म्हातारी माणसं आठवडाभर गोंधळली. आबांना पहिल्याच दिवशी जमलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, हे तर मागावरच्या धोट्याचं काम. चाळीस वर्षं धोट्याची ये-जा बघितलेल्या माणसाला नाकपुड्या त्या काय अवघड. वर्षभरात खोकला गेला.

आबांनी आता तोंडावर मूठ धरली, छाती आत ओढली आणि खोकले. आवाज आला, पण तो खोल, स्वच्छ आणि लांबत गेलेला. जयंतीने आतून हात जोडले.

“ॐकार छान लागतो आबांचा,” प्रेमा म्हणाली.

मग आबा उभे राहिले, झोकांडी जाऊन पडावं म्हणून. त्यांनी एक पाय उचलला आणि वाट बघितली. शरीर पडेना. उचललेला पाय आपोआप दुसऱ्या मांडीला जाऊन टेकला, हात डोक्यावर जुळले, आणि आबा खोलीच्या मध्यभागी वृक्षासनात दीपमाळेसारखे उभे राहिले. बाजूला सरकून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या पायावर तर आणखी छान जमलं.

“दुसरा फायदा,” चंदूने पत्रकावर बरोबरची खूण केली.

याच वेळी दारात मालन आली. मालन म्हणजे आबांची मुलगी, कुर्ल्याला दिलेली. घरात आबांच्या बाजूने भांडणारं एवढं एकच माणूस होतं, आणि ते साक्षीदार घेऊन आलं होतं. मालनने येताना मालाडला उतरून चक्क मृणालिनीबाईंना रिक्षात घातलं होतं.

“दादा, तू काही बोलू नकोस,” मालन चपला काढता काढता म्हणाली. “वहिनी, तू पण. बाई सांगतील. बाई, सांगा यांना. आबांना वर्गाची किती गरज आहे ते सांगा.”

मृणालिनीबाई साठीच्या, ताठ, फिकट जांभळ्या साडीतल्या. त्यांनी एका पायावर उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“गरज?” त्या म्हणाल्या. “अहो, हडकरकाकांना आता कुणाचीच गरज नाही. नऊ जणांच्या वर्गात एक हे. आले तेव्हा समाजमंदिराची एक पायरी चढून बसायचे. आज हे कुठेही, कुणाशिवाय राहू शकतात. जंगलात सोडा. हिमालयात सोडा.”

“सिंधुदुर्गात?” चंदूने विचारलं.

“तिथे तर काय, हवा किती छान.”

चंदूने आभार मानले आणि पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. मालन खाली बसली. साक्षीदार हातचा गेला होता.

“ते काही नाही,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “आबा इथेच राहणार. त्यांनी का जायचं?”

“इथे नको, तुझ्याकडे ने ना मग,” प्रेमा म्हणाली. “कुर्ल्याला पण योगवर्ग असतीलच.”

मालनची नजर जमिनीवरच्या खडूच्या आयतावर गेली. तिने तो मनातल्या मनात उचलला, कुर्ल्याला नेला, कॉट आणि सासूबाईंच्या मधल्या जागेत आडवा लावून बघितला, मग उभा लावून बघितला.

“तशी गावची हवा चांगलीच हो आबा,” ती म्हणाली.

एव्हाना बाळ मात्र डळमळला होता. “दादा, मी काय म्हणतो, लता आणि मी माळ्यावर झोपू ना. आबांना कशाला हलवतोस यार?”

“माळ्यावर माझे ड्रॉइंगचे रोल आहेत,” चंदू म्हणाला. “आणि माळ्याची उंची चार फूट. नवी नवरी रांगत येणार आहे का?”

बाळने नव्या नवरीचं रांगणं डोळ्यांपुढे आणलं आणि तो परत चंदूच्या बाजूला गेला.

आबांनी पाय खाली घेतला आणि ते आतल्या खोलीत गेले.

वनमाला बॅगेची चेन लावत होती. आबा तिच्या पुढ्यात उकिडवे बसले. तिने बॅग ओढून आपल्या मागे घेतली.

“तू काय बोलणस नाय गो?”

“काय बोलू? पोरां बोलतत ती काय थोडी आसत?”

“माका धाडतत. एकट्याक.”

“आयकलंय.”

“मगे?”

वनमालाने त्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या पत्रांतून संसार केलेल्या बाईची नजर ती. कार्डावर जागा कमी असते, म्हणून ती कमी शब्दांत पुष्कळ बघायला शिकली होती.

“गाऱ्हाणा तेवढा नीट घाला,” ती म्हणाली. “आठ वर्सा तुमचा गाऱ्हाणा कोणी आयकूक नाय. आता छाती सुधारली हा. भरल्या दमान घाला. मधी थांबू नकात. तुमी थांबलात की पोरां व्हय म्हाराजा म्हणतत.”

“माका जाताना गाऱ्हाण्याची पडली हा काय?”

“सरा वायच,” वनमाला म्हणाली. “माका नारळ काढूचो हा.”

आबांना वाईट वाटलं. ते जाऊन खडूच्या आयतात पद्मासन घालून बसले आणि धोटा चालू केला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अकराव्या फेरीला त्यांचा श्वास मध्येच थांबला. वनमाला काय म्हणाली ते त्यांना कळलं होतं.

हडकरांच्यात कुणीही लांबच्या प्रवासाला निघालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. ते घालायचं घरातल्या सगळ्यांत मोठ्या पुरुषाने. तो देवाला साकडं घालतो, दमाला थांबतो, आणि तो थांबला की बाकीच्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हटलं की झालं. मग ते देवाशी ठरलेलं असतं आणि मागे घेता येत नाही. एकसष्ट साली आबांच्या वडिलांनी गाऱ्हाणं घालता घालता, चूल पेटायला उशीर झाल्याच्या रागात, ह्या घरात बुधवारी बांगडा शिजायचा नाही असं म्हटलं होतं. रागाचं होतं, पण सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं हडकर बुधवारी सुरमई खातात, पापलेट खातात, बांगड्याकडे बघत नाहीत. चंदूने तर ऑफिसच्या एका जेवणात बुधवार म्हणून साहेबांच्या हातचा बांगडा परत केला होता. त्याची बढती त्या वर्षी हुकली. त्याला पश्चात्ताप नव्हता.

आबा खोकल्यात असताना गाऱ्हाण्याचे पार तुकडे झाले होते. ‘देवा म्हाराजा’ म्हटलं की खोकला, पोरं म्हणायची व्हय म्हाराजा. ‘ही लेकरां’ म्हटलं की खोकला, व्हय म्हाराजा. आठ वर्षांत देवापर्यंत एकही वाक्य पूर्ण गेलं नव्हतं आणि पोरांचीही ऐकायची सवय मोडली होती. त्यांचं लक्ष फक्त श्वासावर असायचं.

पावणेचारला चंदूने घड्याळ बघितलं. “चला, आबा. निघायला हवं.”

“गाऱ्हाण्याशिवाय ह्या घरातसून कोणी भायर पडूचा नाय,” वनमाला आतून म्हणाली. दिवसभरात ती सगळ्यांदेखत बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

“आई, उशीर होईल,” प्रेमा म्हणाली. प्रेमा साताऱ्याकडची, गाऱ्हाणं तिच्याकडे नव्हतं.

“नाही, ते करायलाच हवं,” चंदू गंभीरपणे म्हणाला. त्याने स्वतःच नारळ आणला, स्वतःच पाट मांडला, आबांना मधोमध उभं केलं आणि तिकीट नारळासमोर ठेवलं. ज्याला घराबाहेर काढायचं त्याच्याच हाती आपण सगळी सूत्रं देतोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. रीत ती रीत.

मृणालिनीबाई अजून गेल्या नव्हत्या. आपल्या विद्यार्थ्याला निरोप द्यायला त्या थांबल्या होत्या. “मी काय करायचं असतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“आबांनी श्वास घेतला की व्हय म्हाराजा म्हणायचं,” बाळ म्हणाला. “सोपं आहे.”

“श्वास कधी घेतील?”

“सारखा घेतात.”

सगळे हात जोडून उभे राहिले. आबांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” घर म्हणालं.

“सगळ्या वाटांच्या राखणदारा.”

“व्हय म्हाराजा.”

मग आबांनी श्वास घेतला. तो साधा नव्हता. आधी पोट भरलं, मग बरगड्या उघडल्या, मग खांदे वर आले, आणि गिरणीत सकाळी पहिल्या पाळीला सगळे माग एकदम सुरू व्हावेत तसे आबा सुरू झाले.

“तर म्हाराजा आज जा काय ह्या तेवीस नंबराचा खिडकीचा तिकीट तुझ्या म्होरां ठेवलेला आसा ता माझ्या थोरल्या झिलान चंद्रप्रकाशान आपल्या हातान काढल्यान म्हणान तोच ह्या तिकिटार बसान आज गावाक जातलो आणि घराची कौलां परततलो आणि धाकून जा कुंपण आत सरकयल्यान हा ता तेका रागान नाय गोडीन सांगान भायर सरकयतलो आणि आठ दिसांत सुखरूप परत येतलो आणि माळ्यारचे कागद त्येच्या हापिसात जातले आणि बाळ नि त्याची नवरी थंय ऱ्हवतली आणि चंदू प्रेमा नि जयंती आतल्या खोलयेत ऱ्हवतली आणि मी गुणाजी आणि माझी बायल वनमाला छत्तीस वर्सा एक हंय नि एक थंय ऱ्हवलंव ता आता पुरे झाला म्हणान फुडे जंय ती थंय मी नि जंय मी थंय ती आणि आमका दोघांक ह्या घरातल्या कोणी येगळा करूचा नाय तिकिटान नाय गोडीन नाय आणि आमची तब्येत बरी आसा ह्या कारणान तर म्हाराजा मुळीच नाय आणि ह्या बोलाक बुधवारच्या बांगड्याचो मान आसा रे म्हाराजा.”

आबा थांबले.

मधल्या काळात मृणालिनीबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा एखाद्या आईसारखा झाला होता. बाळ पहिल्या पंधरा सेकंदांनंतर कासावीस झाला होता, कारण तो आबांबरोबर स्वतःचाही श्वास रोखून उभा होता. बाकी सगळे इतका वेळ फक्त आबांच्या थांबण्याची वाट बघत होते.

“व्हय म्हाराजा,” वनमाला म्हणाली.

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने चंदू म्हणाला. तो थोरला होता आणि त्याच्यावर चांगले संस्कार होते.

“बेचाळीस सेकंद,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “एका श्वासात. काका, मला शब्द सुचत नाहीत. व्हय म्हाराजा.”

चंदूने नारळ फोडला. पहिल्या फटक्यात दोन सारखी शकलं झाली. पहिल्यांदा लक्षात आलं ते प्रेमाच्या. ती या घरात बाहेरून आलेली असल्याने मालवणी अजून कान देऊन ऐकायची.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही आत्ता कशाला हो म्हणालात?”

“गाऱ्हाण्याला.”

“गाऱ्हाण्यात काय होतं?”

चंदूने तोंड उघडलं. मग त्याला एकेक शब्द परत ऐकू येऊ लागला, आधी कौलं, मग कुंपण, मग तेवीस नंबर. तो पाटावर बसला.

“आबा, हे चालणार नाही,” मालन म्हणाली. तिच्या आवाजात कुर्ला वाचल्याचा आनंद होता, म्हणून ते फारसं जोरात आलं नाही.

“परत घालूया,” बाळ म्हणाला. “दुसरं गाऱ्हाणं. पहिलं कॅन्सल असं त्यात बोलूया.”

“दुसरो नारळ नाय,” वनमाला म्हणाली.

“नारळ मी आणतो. आबा, तुम्ही फक्त परत एकदा—”

आबांनी तोंडावर मूठ धरली आणि खोकले. हा खरा खोकला होता. तळापासून आला, भिंतीला लागून परतला आणि पुन्हा आला. शेजारच्या कुंदाने तिकडच्या घरात घड्याळाकडे पाहिल्याचं सगळ्यांना जाणवलं. आबा स्टुलाला धरून बसले आणि त्यांनी मान हलवली. परत घालण्याइतका दम त्यांच्यात राहिला नव्हता.

“मी घालू का?” चंदूने विचारलं.

“मी जित्तो आसय,” आबा दोन खोकल्यांच्या मध्ये म्हणाले.

चंदूने खडूच्या आयताकडे पाहिलं. मोडायचं म्हटलं तर मोडता आलं असतं. पंचवीस चौरस मीटरच्या घरात कोण देव बघायला येतोय. पण त्याला तो ऑफिसातला बांगडा आठवला. साहेबांना नाही म्हणताना त्याला जे वाटलं होतं, तेच आता वाटत होतं, आणि ते अगदीच वाईट नव्हतं.

“कौलं किती आहेत अंदाजे?” त्याने विचारलं.

“स्केल घेवन जा,” आबा म्हणाले. “कुंपणाक बरा पडात.”

“पण माझे कपडे नाही भरलेले. सव्वाचार झालेत.”

“बॅगेत आसत,” वनमाला म्हणाली.

चंदूने चेन उघडली. त्याचे दोन शर्ट, त्याची पॅन्ट, त्याचं दाढीचं सामान आणि ऑफिसला द्यायचा रजेचा अर्ज, जयंतीच्या बाळबोध अक्षरात लिहिलेला, खाली सहीपुरती जागा सोडून. वर कागदात बांधलेले कुळथाचे लाडू होते, चंदूला आवडायचे तेवढे गोड.

आबांनी बायकोकडे पाहिलं. ती नारळाची शकलं उचलत होती.

चंदूने अर्जावर सही करून तो प्रेमाकडे दिला आणि तो वडिलांच्या पाया पडला. बाळ त्याला बोरिवलीपर्यंत सोडायला गेला. मालन मृणालिनीबाईंना घेऊन निघाली. जाताना बाई दारात थांबून वनमालाला म्हणाल्या, “तुम्ही पण या ना वर्गाला.” वनमाला म्हणाली, बघूया.

साडेपाचला घर शांत झालं. प्रेमा जयंतीला घेऊन खाली दुधाला गेली होती. आबा आयतात आडवे झाले, हात अंगापासून लांब, पाय फाकवलेले, तळवे वर. खोकला कधीच थांबला होता.

थोड्या वेळाने बांगड्या वाजल्या.

“सरा वायच,” वनमाला म्हणाली.

आबांनी एक हात अंगाजवळ घेतला आणि पाय जुळवले. ती पदर सावरून त्यांच्या शेजारी आडवी झाली. चंदूच्या खडूची रेघ दोघांच्याही बाहेरून गेली होती. चारी बाजूंनी बोटभर जागा उरली होती.

“डोळे मिटूचे आसतत,” आबा म्हणाले.

“मिटलंय.”

“आणि बोलूचा नसता.”

“मगे तुमी कित्याक बोलतात?” ती म्हणाली, आणि दोन मिनिटांत झोपून, झोपेत बोलायला लागली.